खालाची शबनम

"इंग्रजी शाळेत जाते म्हणे, पण तोंड कुठी ठेवून येते ही पोट्टी?"

हे माझ्याबद्दल होतं. मला ऐकू जावं असा बोलणारीचा हेतू नसावा, पण तिचा आवाजच असा होता की कुजबुजला तरी जिन्यापर्यंत यायचा. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. खाली अंगणात आमच्या घरातल्या जुन्या गाद्या उसवून पडल्या होत्या. चाचा उकिडवे बसून धनुष्यासारख्या लांब पिंजणीनं कापूस पिंजत होते, खाला मोठ्या सुईनं खोळ शिवत होती, आणि दोघांच्या मध्ये पांढरी हवा तरंगत होती.

आईनं माझी बाजू घेतली. "लाजाळू आहे हो ती, खाला."

"लाजाले मी कुठी नाई म्हणतो, ताई? लाजो न बिचारी." खालानं दातानं दोरा तोडला. "पण लाजणारीले ऐकाले काय झालं? ये वं बेटा खाली. तुले एक इंग्रजी पिक्चर सांगतो."

मी खाली आले. इंग्रजीचा एक शब्दही न येणारी बाई मला इंग्रजी पिक्चर कसा सांगणार, या कुतूहलानंच आले.

खाला आणि चाचा अकोल्याच्या जठारपेठेत आमच्या घरामागच्या बोळात राहायचे. चाचांच्या घरात गादी-रजईचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. तिला सगळे गादीवाली खाला म्हणत. मुसलमान बायकांची ती खाला, म्हणजे मावशी, होतीच, आमचीही होती. चाचा मात्र तिला "अमरावतीवाली" अशी हाक मारायचे, कारण तिचं माहेर अमरावतीचं. लग्न होऊन मुलीचं लग्न करायची वेळ आली तरी ही हाक बदलली नव्हती. जणू ती कालच बसमधून उतरली होती आणि हातातली पेटी अजून खाली ठेवायची होती.

पिक्चरची हकिगत अशी. अमरावतीच्या एका टॉकीजमधल्या बाल्कनीच्या खुर्च्या बसून बसून चपट्या झाल्या होत्या. त्या नव्यानं भरून द्यायचं काम चाचांना मिळालं. लग्न नुकतंच झालेलं, म्हणून खालाही माहेरी राहायला सोबत गेली. काम पाहून मॅनेजर खूश झाला आणि त्यानं बाल्कनीचे दोन पास दिले. पण ते सकाळच्या खेळाचे होते, आणि सकाळी तिथे इंग्रजी पिक्चर लागायचे.

"मी म्हणलं, पास वाया कावून घालवाचा? गेलो," खाला सांगायची. "हा मानूस अर्धा पिक्चर खुर्चीच दाबून पाहून राहिला होता. मधात कापूस बराबर बसला का नाई म्हणून. बाजूच्या बाईच्या खुर्चीले हात लावला असता तं मार खाल्ला असता."

"तुले पिक्चर समजला का तेव्हा?" चाचा पिंजण न थांबवता विचारायचे.

"मले खुर्ची बी समजली अन पिक्चर बी समजला."

नावं कळायची सोय नव्हती, म्हणून तिनं स्वतःच ठेवली. नायिका झाली शबनम. तिच्या टोपीत पिसारा होता आणि ती पोरांना बाजा शिकवायची, म्हणजे पियानो. नायक घोड्यांचा डॉक्टर होता, खालाच्या भाषेत डाक्टरसाब. शबनमचं लग्न मात्र मोठ्या घरातल्या एका मिशीवाल्याशी ठरलं होतं. त्या घरात एक खाष्ट सासू होती, एक आजारी घोडी होती आणि दारात सारखा बर्फ पडत होता.

"बरफ कसा पडते, पायलं काय कधी?" तिनं मला विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिनं पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर तळहात आपटला. भुरभुर पांढरं वर उडालं आणि उन्हातून सावकाश, अगदी सावकाश खाली येऊ लागलं. माझ्या केसांवर बसलं, आईच्या पापण्यांवर बसलं. "असा," खाला म्हणाली. त्या पांढऱ्यातून शबनम चालत गेली, तेव्हा मी तिला पाहिलं. खरा बर्फ मी अजूनही पाहिलेला नाही. पाहिला तर तो गार असतो याचंच मला नवल वाटेल, असं वाटतं.

शेवट मात्र खालाजवळ नव्हता. तेव्हा एकच पिक्चर दोन टॉकीजमध्ये चालवायचे. रिळांच्या पेट्या सायकलवरून या टॉकीजमधून त्या टॉकीजमध्ये जायच्या. पुढची पेटी येईपर्यंत इथली चालू. त्या सकाळी शेवटची पेटी आलीच नाही. पडद्यावर स्टेशन होतं, बर्फ पडत होता. मिशीवाला डब्यात जाऊन बसला होता. शबनमचा एक पाय गाडीच्या पायरीवर, एक फलाटावर. लांब कुंपणापाशी डाक्टरसाब टोपी हातात घेऊन घोडीजवळ उभा. शबनमनं मागे वळून पाहिलं, आणि पडदा पांढरा झाला. दिवे लागले. लोकांनी चाचांनी भरलेल्या खुर्च्या आपटल्या. मॅनेजर हात जोडून म्हणाला, उद्या या. पण दुसऱ्या दिवशी अकोल्याला एका लग्नाच्या गाद्या द्यायच्या होत्या. ती दोघं सकाळच्या बसनं परत आली. पुढे पिक्चर बदलला आणि ती गाडी त्यांच्यासाठी तिथेच उभी राहिली.

तेव्हापासून त्यांचं भांडण चालू होतं. खाला म्हणायची, शबनम गाडीत चढली. चाचा म्हणायचे, उतरली.

"तिचा एक पाय खालीच होता," चाचा म्हणायचे. "ज्याले जायचं असते, तो पयले पाय उचलते."

"अन ज्याले रायचं असते, तो पायरीवर पाय ठेवते कायले? हवा खायले?"

"डाक्टर उभा होता न तिथी."

"राहो उभा! कोन थांबते बाप्पा घोड्याच्या डाक्टरासाठी? कोटाले शेणाचा वास येत असन त्याच्या."

"अन मिशीवाल्याच्या कोटाले?"

"अत्तराचा."

यावर चाचांच्या पिंजणीची तार जोरात वाजू लागायची आणि कापूस पार आमच्या गच्चीपर्यंत उडायचा. खाला मान खाली घालून शिवत राहायची. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी असायचं. ते हसू आहे हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

मी त्या दोघांना आवडायचे, याचं कारण बहुधा मी कुणाची बाजू घेत नसे. शाळेत मी इंग्रजीत गप्प असायचे, घरी मराठीत. खालाच्या ओसरीवर गप्प बसणं हे कामच वाटायचं, कारण मी सुयांत दोरे ओवून द्यायचे. खाला त्याला "इंग्रजी दोरा" म्हणायची, बहुधा इंग्रजी शाळेतली पोट्टी तो ओवून द्यायची म्हणून.

तिची एक सवय होती. गादी तयार झाली की गिऱ्हाइकाला देण्याआधी ती स्वतः तिच्यावर आडवी व्हायची. पदर तोंडावर घ्यायची आणि डोळे मिटायची. "झोप येते का नाई ते पाहून देतो," म्हणायची. कधी कधी खरंच झोप लागायची आणि गिऱ्हाईक दारात उभं. चाचा बोटानं गप्प राहायची खूण करायचे. मला त्या झोपेचा हेवा वाटायचा. कोऱ्या कापडाचा वास, खाली उन्हात फुललेला कापूस, आणि शेजारी पिंजणीचा तो एकसुरी आवाज, टंग, टंग, जसं कुणी लांबून निजवतंय.

नवरीच्या गादीवर मात्र ती कधी आडवी झाली नाही. "तिच्यावर पयले नवरीच." नवरीला निजवायची आणि उशाशी बसून शबनमची गोष्ट सांगायची. घरच्या शेतातल्या कापसाची गादी मुलीला द्यायची आमच्याकडे पद्धत. त्यामुळे उन्हाळ्यात खाला-चाचा गावोगाव फिरायचे, आणि त्यांच्यासोबत शबनमही फिरायची.

मी कॉलेजात जायच्या सुमारास हे फिरणं कमी झालं. ती वर्षं वऱ्हाडात कशी होती हे इथल्या माणसाला सांगायला नको. रोज कुठल्या तरी शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी असायची, आणि सकाळचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची बाबांची सवय त्याच वर्षांत सुटली. लग्नं लहान झाली, काही पुढे ढकलली गेली. नव्या गादीऐवजी लोक जुनीच पिंजून न्यायचे, आणि मोठ्या रस्त्यावर फोमच्या गाद्यांचं दुकान निघालं. आईनं एकदा धंद्याबद्दल विचारलं, तर खाला म्हणाली, "लोकायले झोपच येत नाई ताई, तं गादी काय करन?"

नांदगाव खंडेश्वरजवळ माझ्या मामाचं गाव आहे. मामेबहीण सुषमाताईचं लग्न त्या काळातलंच. मामांनी आग्रहानं अकोल्याहून खाला-चाचांना बोलावलं खरं, पण समोर ठेवलेला कापूस एका गादीपुरताही नव्हता. मामा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. चाचांनी कापूस हातात घेऊन दाबला, सोडला, पुन्हा दाबला आणि म्हणाले, "कापूस जिवंत हाये भाऊ. फुलते." मग त्यांनी तो एवढा पिंजला, एवढा पिंजला, की दुपारनंतर ओसरीत माणसं दिसेनात. खालानं खोळ कमी रुंदीची बेतली आणि टाके दाट घातले. गादी झाली. सुषमाताई तिच्यावर आडवी झाली, आणि खालानं तिला शबनम सांगितली.

"मग?" सुषमाताईनं विचारलं. "गेली का ती?"

मी दोरा ओवायची थांबले. चाचाही थांबले. मला वाटलं, आता ती नेहमीसारखं 'चढली' म्हणणार.

"पेटी आलीच नाई वं माय," खाला म्हणाली. "तुया मनानं लाव."

परतताना एसटीत चाचा मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "आज कोनाची तरी बोलती बंद झाली." खालानं खिडकीबाहेर पाहत उत्तर दिलं, "नवरीसमोर अपशकुन नाई कराव म्हनून. चढलीच होती ते."

चाचांचा खोकला त्याच पावसाळ्यात वाढला. छातीत कापूस बसला आहे, पिंजणं बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पिंजण भिंतीला टांगली गेली. खाला जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवू लागली आणि चाचा दाराशी बसून तिच्याशी भांडू लागले. श्वास पुरत नसे, म्हणून त्यांची वाक्यं लहान झाली. "उतरली," ते म्हणायचे आणि थांबायचे. "चढली," खाला म्हणायची आणि त्यांना पाणी द्यायची.

मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात, होस्टेलवर होते. लायब्ररीच्या मागच्या कपाटात एक जुनी इंग्रजी कादंबरी सापडली. मुखपृष्ठावर तिच्यावरून काढलेल्या पिक्चरमधला फोटो होता. बर्फ, स्टेशन, गाडी आणि टोपीतला पिसारा. नाव वाचायच्या आधीच मी ओळखलं. त्या बाईचं मुखपृष्ठावरचं नाव लांबलचक होतं, पण माझ्या तोंडून हळूच "शबनम" एवढंच आलं.

होस्टेलच्या व्हरांड्यात बसून मी ती वाचली. वाचताना पानांतून कापूस उडत होता. भाषा न कळता खालानं बरंच बरोबर जुळवलं होतं आणि काही छान चुकवलं होतं. तिची खाष्ट सासू ही सासू नसून त्या घरातली स्वयंपाकीण होती. मिशीवाल्याच्या कोटाला अत्तराचा नव्हे, तंबाखूचा वास येत असे. घोडी मात्र आजारीच होती. शेवटचं प्रकरण मी दोन दिवस वाचलं नाही. मग वाचलं. गाडी निघून जाते आणि शबनम तिच्यात असते. डाक्टरसाब टोपी घालतो, घोडीवर बसतो आणि घरी जातो.

पिक्चरवाले पुष्कळदा कादंबरीचा शेवट बदलतात, हे मला माहीत होतं. बदलला होता की नाही, हे सांगणारं माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. मी पुस्तक परत केलं आणि कोणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं. न बोलणं मला चांगलं जमत होतं. पण सुटीत घरी आल्यावर पुस्तक वाचल्याचं तेवढं आईला सांगितलं, आणि आईनं ते मागच्या भिंतीवरून खालाला सांगितलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. चाचा त्यानंतरचा उन्हाळा पाहू शकले नाहीत. खाला बोळातली खोली सोडून मुलीकडे अमरावतीला राहायला गेली. जाताना पिंजण तिनं बसमध्ये सीटवर ठेवली आणि स्वतः उभी राहिली, असं आई सांगते. मी तिला भेटायला गेले, तेव्हा ती नातीला शबनम सांगत होती. या खेपेला शबनम उतरली. मी पाहतच राहिले, तशी म्हणाली, "आता चढली म्हणून काय करू? भांडाले कोनी राहिलं नाई." त्या टॉकीजच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. "बरंच झालं," खाला म्हणाली. "तिथी बी गाद्याच लागतात."

आता त्या सुटीतली ती दुपार. खालानं मला मागच्या दारानं आत घेतलं आणि चुलीपाशी बसवून हळू आवाजात, म्हणजे तिच्या मानानं हळू, विचारलं, "काय झालं शेवटी?"

"चढली," मी म्हणाले.

तिनं टाळीच वाजवली. "मी म्हनत नोती?" आणि लगेच तोच हात तोंडावर ठेवला. पुढच्या खोलीतून चाचांचा खोकला ऐकू येत होता. तो थांबेपर्यंत ती थांबली.

"त्याले नको सांगू बेटा."

मी तिच्याकडे पाहत राहिले. मी विचारलं नाही, तरी तिनं सांगितलं. एरवीही ती माझे न विचारलेले प्रश्न ऐकत असे.

"मले कापडाच्या मोठ्या दुकानदाराचं स्थळ आलं होतं. अब्बानं इकडे जबान दिली होती म्हनून इकडे आली. याले ते मालूम हाये. याले अजून वाटते, मी एक पाय गाडीवर ठेवूनच नांदली." तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मंग मी चढली म्हनतो, अन हा भांडते. म्या बी उतरली म्हनलं असतं, तं हा कायले भांडला असता? भांडते तवा मले समजते, की मी राहाव असं याले अजून बी वाटते."

"अमरावतीवाली!" पुढून हाक आली. "पोट्टी आली न? तिले इकडे पाठव. पुस्तक वाचलं म्हनते तिनं."

"कोनी सांगितलं तुमाले?"

"भिंतीले एकच बाजू असते काय?"

आम्ही दोघी पुढे गेलो. चाचा दुमडलेल्या रजईला टेकून बसले होते. अंगात स्वेटर, खांद्यावर शाल, चेहरा बारीक झालेला, डोळे तेवढे तसेच. त्यांनी मला समोर बसायची खूण केली. खाला दाराच्या चौकटीत उभी राहिली आणि दोरा नसलेली सुई पदरात टोचत राहिली.

"तू फालतू बोलत नाई," चाचा म्हणाले. श्वास घेतला. "म्हनून तुले विचारून राहिलो. मले बरं वाटाव म्हनून नको सांगू. जे हाये ते सांग."

मी खाली पाहिलं.

"हिनं काई शिकवून पाठवलं काय तुले?"

"मी कायले शिकवू?" खाला चौकटीतून म्हणाली. "तिले इंग्रजी येते. मले येते काय?"

"मंग तू गप राय."

ती खरंच गप्प राहिली. तिला गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं आणि त्यात कुठून तरी उरलेला कापसाचा एक तंतू तरंगत होता. ना वर जात होता, ना खाली येत होता. चाचांच्या छातीतली घरघर ऐकू येत होती. खोटं बोलले तर त्यांना कळलं असतं. खरं बोलले तर त्यांनी मान हलवून ते मान्य केलं असतं आणि पुन्हा कधीच भांडले नसते. मी खालाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, त्यांच्याकडे पाहत होती. त्यांच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट करायला ती नकळत एक पाऊल पुढे आली होती.

मी बोलले, तेव्हा तो आवाज माझा आहे हे मलाच पटेना, इतका तो मोठा आला.

"पुस्तकातली गेली, चाचा. आपली उतरली."